दूरसंवेदन आणि आपल्या पायाखालची जमीन

(सीमाभागातील शिक्षक, लेखक आणि विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा लेखी मसुदा)



साहित्याचा प्राध्यापक भूगर्भावर काय बोलणार, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. तो रास्त आहे. मी भूवैज्ञानिक नाही. परंतु बीदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांत राहणार्‍या माणसाला जमिनीचा विषय टाळता येत नाही. आपल्याकडे मराठी, कन्नड आणि दखनी या तीन बोलींत जमिनीची नावे घेतली जातात. त्याच जमिनीविषयीचे शास्त्रीय ज्ञान मात्र आपल्यापर्यंत चौथ्याच भाषेत येते. जमीन हादरली की लोक शाळेतल्या गुरुजींकडे येतात, आणि गुरुजींजवळ सांगण्यासारखे शब्द नसतात. आजचा विषय मी या अडचणीतून निवडला आहे. उपग्रहातून जमिनीची चित्रे घेऊन भूकवचाची रचना कशी अभ्यासतात, तिच्यातून आपल्या भागाविषयी काय कळले, काय कळत नाही, आणि त्यात भाषेच्या माणसांचे काम कोणते, एवढेच मी मांडणार आहे.

प्रथम आपण कशावर उभे आहोत ते पाहू. आपल्या द्वीपकल्पाखालचे भूकवच साधारण 35 ते 40 किलोमीटर जाडीचे आहे. माणसाने आजवर पाडलेले सर्वांत खोल छिद्र रशियातील कोला द्वीपकल्पावरचे, आणि तेही 12 किलोमीटरच्या थोडे पुढे जाऊन थांबले. म्हणजे कवचाचा बहुतांश भाग कोणीही डोळ्यांनी पाहिलेला नाही. त्याच्याविषयी जे कळते ते खुणांवरून, अनुमानाने. मात्र आपल्या दोन जिल्ह्यांना एक मोठी सवलत मिळाली आहे. येथे कवचाचे वरचे थर एकामागून एक उघडे पडलेले आहेत.

2017 मध्ये बीदर-कलबुर्गी रेल्वेमार्ग सुरू झाला. बीदरहून कलबुर्गी आणि तेथून जुन्या मार्गाने शहाबाद, वाडी, यादगीर असा प्रवास दिवसा, खिडकीशी बसून करावा. बीदरला तांबडा, सच्छिद्र जांभा दिसतो. हुमनाबाद सोडून दक्षिणेकडे उतरू लागलो की काळी जमीन आणि तिच्याखालचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट सुरू होतो. शहाबाद-वाडीच्या पट्ट्यात रुळांच्या दोन्ही अंगांना फरशीच्या खाणी लागतात; दगड करडा, आडव्या थरांचा, वह्यांची चळत लावावी तसा. आणि यादगीरला पोचलो की ग्रॅनाइटच्या गोल शिळांचे डोंगर उभे राहतात. यादगीरचा किल्ला अशाच डोंगरावर आहे. आपण दक्षिणेकडे जात असतो, पण खडकांच्या हिशेबाने भूतकाळात उतरत असतो. जांभा सर्वांत अलीकडचा. बेसाल्ट सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. चुनखडक त्याहून फार जुना, प्राण्यांना शिंपले आणि हाडे येण्याच्याही आधीच्या उथळ समुद्रातला. ग्रॅनाइट आणि त्याच्या जातीचे खडक त्याहूनही जुने, आपल्या द्वीपकल्पाचा पाया.

यातला चुनखडक मराठी घराला अनोळखी नाही. महाराष्ट्रातल्या असंख्य स्वयंपाकघरांत, ओट्यांवर आणि शाळांच्या व्हरांड्यांत जी शहाबादी फरशी आहे ती या थरांतूनच निघाली. भूवैज्ञानिक या खडकसमूहाला भीमा नदीचे नाव देतात. गाणगापूरला भीमा-अमरजेच्या संगमावर स्नान करणारा भाविक जिला पवित्र मानतो, तिचेच नाव कोट्यवधी वर्षांच्या समुद्रतळाला मिळाले आहे.

बेसाल्टच्या या प्रदेशाला इंग्रजीत डेक्कन ट्रॅप म्हणतात. ट्रॅप म्हणजे येथे सापळा नव्हे. पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून ते नाव आले, कारण लाव्ह्याचे थर झिजून डोंगरांना पायर्‍या पडतात. आज हा खडक सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. सह्याद्रीत त्याची जाडी एक किलोमीटरहून अधिक भरते, पूर्वेकडे ती कमी होत जाते, आणि कलबुर्गी जिल्ह्यात हा थर संपून खालचा चुनखडक उघडा पडतो. आपण पोथीच्या कडेला राहतो. जेथे वरची पाने संपतात तेथेच खालची दिसू लागतात.

आता दूरसंवेदनाकडे वळू. दुरून, स्पर्श न करता वस्तूची माहिती घेणे, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. सूर्याचा प्रकाश जमिनीवर पडतो. माती, पाणी, झाड, खडक हे त्यातला काही भाग शोषतात आणि काही परत पाठवतात. कोणती वस्तू कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती परत पाठवते, यावरून तिची ओळख पटते. या ओळखीला मी वर्णमुद्रा म्हणेन. आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाशही उपग्रहातील संवेदक टिपतात. हिरवे पान अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणावर परत पाठवते, पाणी तो जवळजवळ गिळून टाकते. म्हणून चित्र तयार करताना अवरक्ताला लाल रंग देतात. अशा चित्रात हिरवे शेत लाल दिसते, तळे काळे दिसते, काळी जमीन गडद करडी आणि बीदरचे तांबडे पठार पिवळसर. या रंगांना मिथ्या रंग म्हणतात. नाव मिथ्या असले तरी त्यातून मिळणारी माहिती खरी असते.

भारतात या विद्येचा आरंभ 1970 मध्ये केरळातील नारळाच्या बागांवरून झाला. पी. आर. पिशारोटी आणि त्यांच्या सहकार्‍यांनी हेलिकॉप्टरमधून अवरक्त छायाचित्रे घेऊन रोगट झाडे ओळखता येतात का ते तपासले. 1972 मध्ये अमेरिकेचा पहिला लँडसॅट उपग्रह गेला. 17 मार्च 1988 रोजी आपला आयआरएस-1ए अवकाशात गेला. त्याच्या दोन प्रकारच्या कॅमेर्‍यांना जमिनीवरचा अनुक्रमे साधारण 72 मीटरचा आणि 36 मीटरचा चौकोन हा एक ठिपका दिसत असे. 2005 मधील कार्टोसॅट-1 ने एकाच जागेची दोन कोनांतून चित्रे घेतली, त्यामुळे जमिनीचे उंचसखलपण मोजता आले. ही सर्व चित्रे जेथे येतात ते राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्र हैदराबादला आहे, आणि 2009 पासून त्यातील बरीच माहिती ‘भुवन’ या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते.

यातून भूकवचाची रचना कशी कळते? प्रकाशाचे चित्र तर फक्त वरची त्वचा दाखवते. पण कवचात भेग असेल तर वरच्या जमिनीवर तिच्या खुणा उमटतात. नदी नागमोडी वाहता वाहता अचानक काटकोनात वळते आणि मैलभर सरळ जाते. टेकड्यांच्या कडा एका ओळीत येतात. चैत्रात सगळी काळी जमीन उघडी पडली असताना एखादी बारीक हिरवी रेघ टिकून राहते, कारण तिच्याखाली ओल असते. दोन्ही बाजूंच्या मातीचा रंग बदलतो. जमिनीवर चालणार्‍याला यातले काही जाणवत नाही; शंभर किलोमीटरचा पट्टा एका नजरेत आला की रेघ दिसते. अशा रेघेला इंग्रजीत लिनिअमेंट म्हणतात. अमेरिकन भूवैज्ञानिक हॉब्ज याने 1904 मध्ये हा शब्द भूरचनेसाठी वापरला. त्याचा मूळ अर्थ चेहर्‍यावरची रेषा, मुद्रेची ठेवण. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याला रेखीय संरचना म्हणतात. शब्द बरोबर आहे, पण त्यातला चेहरा नाहीसा झाला. मी विद्यार्थ्यांना ‘भूरेखा’ असे सांगतो. कोणी अधिक चांगला शब्द सुचवला तर तो घ्यावा.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. चित्रात दिसणारी प्रत्येक रेघ भूरेखा नसते. कालवा, रेल्वे, जुनी गाडीवाट, शेतांचे बांध यांच्याही रेघा दिसतात. म्हणून चित्र वाचून झाल्यावर त्या जागी पायी जावे लागते, आणि गुरुत्वाकर्षणाच्या, चुंबकत्वाच्या, विद्युतरोधाच्या मोजणीशी ती रेघ ताडून पाहावी लागते. आपल्यापैकी ज्यांनी हस्तलिखितांची संपादने केली आहेत त्यांना ही शिस्त परिचित आहे. एका प्रतीतला पाठ पाहून कोणी संहिता ठरवत नाही. दुसरी प्रत, तिसरी प्रत, लेखनिकाची सवय, शाईचा डाग, सगळे पाहूनच पाठ निश्चित होतो. भूरेखेचेही तसेच.

या विद्येचा पहिला उपयोग आपल्याकडे पाण्यासाठी झाला. बेसाल्ट हा घट्ट खडक. त्यात पाणी असते ते सांध्यांत, भेगांत आणि लाव्ह्याच्या दोन थरांच्या मध्ये. म्हणून केंद्र सरकारच्या पेयजल मोहिमेत उपग्रह चित्रांवरून 1:50,000 प्रमाणाचे भूजल संभाव्यता नकाशे तयार झाले, आणि पहिल्या टप्प्यातील राज्यांत कर्नाटक होते. आपल्याकडचा शेतकरी कूपनलिका पाडण्यापूर्वी पाणाड्याला बोलावतो. तळहातावर नारळ उभा राहिला की ‘शीर लागली’ म्हणतात. नारळावर विश्वास ठेवा असे मी म्हणणार नाही. पण ‘शीर’ हा शब्द पाहा. पाणी खडकात सगळीकडे सारखे नसते, ते अरुंद वाटेने जाते, हे निरीक्षण त्या शब्दात साठवलेले आहे. नकाशा वाचणारा तज्ज्ञ आणि शेतकरी यांचे संभाषण ‘रेखीय संरचना’ या शब्दावर अडते आणि ‘शिरे’वर सुरू होते. कर्ज काढून तीन-चार कोरड्या कूपनलिका पाडलेल्या घराला या संभाषणाची किंमत विचारावी.

बीदरच्या पूर्वजांनी हे ज्ञान उपग्रहाशिवाय मिळवले होते. जांभा स्पंजासारखा पाणी पितो, खालचा बेसाल्ट ते अडवतो, आणि दोहोंच्या सीमेवर पठाराच्या कडेला झरे फुटतात. नानक झिरा, पापनाश, पाण्यातून चालत जावे लागते ते झरणी नरसिंहाचे लेणे, ही सगळी स्थाने या एका भूरचनेची देणगी आहेत. शीख, शैव, वैष्णव सर्वांना एकाच जांभ्याने पाणी दिले. पंधराव्या शतकात बहमनी काळात नौबादला जी करेज खोदली गेली, ती भूमिगत जलवाहिनी दोन किलोमीटरहून लांब आहे. वीसहून अधिक उभ्या विहिरी तिला हवा आणि उजेड देतात. इराणकडून आलेले हे तंत्र जांभ्यातील एका भूरेखेला धरून राबवले गेले, असे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. आज तिच्या वरून वस्त्या वाढत आहेत. वरची विहीर बुजवली की खालच्या वाटेचा श्वास कोंडतो. बीदरच्या शिक्षकाने विद्यार्थ्यांना किल्ला दाखवावा, तशी करेजही दाखवावी.

आता दुसरा, अधिक गंभीर भाग. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. अनंत चतुर्दशीची रात्र सरत होती, लोक विसर्जन करून झोपले होते. तीव्रता 6.2. मृतांची संख्या आठ ते दहा हजारांच्या घरात. किल्लारी तेरणेच्या काठी. तेरणा मांजरेला मिळते आणि मांजरा आपल्या बीदर जिल्ह्यात येते. त्यामुळे ही शेजारची, एकाच नदीखोर्‍यातली घटना आहे. तोवरच्या भूकंप नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. दख्खनचे पठार स्थिर, हे आपण सगळे शाळेत शिकलो होतो.

नंतर किल्लारीजवळ विंधनविवर घेतले गेले. 338 मीटर बेसाल्ट, त्याखाली जेमतेम 8 मीटर जुन्या गाळाचा थर आणि त्याखाली ग्रॅनाइटच्या जातीचा प्राचीन पाया. म्हणजे जी भेग सरकली ती बेसाल्टच्या आवरणाखालच्या जुन्या पायातली. आवरणाखाली काय आहे याविषयी अनुमाने आधीही झाली होती. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतील कृष्ण ब्रह्मम आणि नेगी यांनी 1973 मध्येच गुरुत्वाकर्षणाच्या मोजणीवरून दख्खनच्या खाली कोयना आणि कुर्डुवाडी या दोन खचदर्‍या असाव्यात असे मांडले होते. ते सर्वांना पटले असे नाही. चर्चा पुढेही चालू राहिली. भूकंपानंतर उपग्रह चित्रांत किल्लारी परिसरातील भूरेखांचा नव्याने शोध घेतला गेला. पण शेतात जमीन उचलली गेल्याची जी खूण सापडली तिची उंची मीटरभराच्या आतली. 36 मीटरचा ठिपका पाहणार्‍या डोळ्याला ती कशी दिसावी? ती पायी फिरणार्‍यांनी शोधली. 2002 च्या सुधारित नकाशात पहिला विभागच काढून टाकण्यात आला आणि किल्लारीचा परिसर तिसर्‍या विभागात गेला.

त्याच 1993 च्या जुलैत, किल्लारीच्या दोन-अडीच महिने आधी, ‘नेचर’ या नियतकालिकात एक चित्र प्रसिद्ध झाले होते. कॅलिफोर्नियातील लँडर्स येथे 1992 मध्ये झालेल्या भूकंपाने जमीन किती सरकली, हे उपग्रहाच्या रडार लहरींनी मोजून काढलेले ते चित्र. रडार स्वतःच लहरी पाठवते, त्यामुळे त्याला दिवस-रात्र आणि ढग यांचा अडथळा नाही. एकाच जागेवरून काही दिवसांच्या अंतराने परतलेल्या दोन लहरींची तुलना केली की जमिनीची काही सेंटिमीटरची हालचालही कळते. 30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेला, अमेरिका आणि भारत यांनी मिळून बांधलेला निसार उपग्रह हेच काम करतो; बारा दिवसांनी तो पुन्हा त्याच जागेवर येतो. जमीन कोठे खचते, कोठे फुगते, कोठे ताण साठतो, यांची नोंद आता आपल्या भागाचीही होऊ शकेल.

तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण ती सांगण्याची जबाबदारी शिक्षकांवर येते. कोणताही उपग्रह भूकंपाचा दिवस आणि वेळ सांगत नाही. 2021 च्या ऑक्टोबरात कलबुर्गी जिल्ह्याच्या चिंचोळी तालुक्यात गडीकेश्वर आणि आसपासच्या गावांना धक्के बसले. एक धक्का 4 च्या आसपास तीव्रतेचा होता. लोक घराबाहेर झोपू लागले, काही कुटुंबे गाव सोडून गेली. पावसाळ्यात मुरलेले पाणी खडकातील भेगांत उतरते, तेथील दाब बदलतो आणि लहान धक्के बसतात, असे स्पष्टीकरण तज्ज्ञांकडून पुढे आले. त्यासाठीचा इंग्रजी शब्द लांबलचक आहे. त्याचा अर्थ घाबरलेल्या म्हातारीला तिच्या भाषेत सांगणारा माणूस गावात असला, तर अफवेला तेवढी जागा मिळत नाही. आणि त्याच वेळी, ‘काही होणार नाही’ असे सांगण्याचाही अधिकार आपल्याला नाही. किल्लारीतही मोठ्या भूकंपाच्या आदल्या वर्षी, 1992 मध्ये, लहान धक्के बसले होते.

मग सांगायचे काय? घराविषयी सांगायचे. किल्लारीत माणसे मारली ती दगड-मातीच्या जाड भिंतींनी आणि माळवदाच्या वजनाने. भिंतीच्या दोन्ही अंगांना सांधणारे लांब दगड मध्ये मध्ये घालावेत. माळवदावर दरवर्षी नवी माती चढवून ओझे वाढवू नये. दारे-खिडक्यांच्या वरून सगळ्या घराला कमरपट्ट्यासारखा काँक्रीटचा पट्टा बांधावा. ही तीन वाक्ये मराठी, कन्नड आणि दखनीत प्रत्येक शाळेच्या भिंतीवर असायला हरकत नाही.

शेवटी भाषेच्या कामाकडे येतो. आपल्या जुन्या गावगाड्यात ‘काळी’ म्हणजे शेतजमीन आणि ‘पांढरी’ म्हणजे वस्तीची जागा. मातीच्या रंगावरून जमिनीचा उपयोग सांगणारी ही विभागणी आहे. उपग्रह चित्र वाचणाराही रंगापासूनच सुरुवात करतो. कन्नडमध्ये काळ्या जमिनीला एरे म्हणतात, तांबूस मिश्र जमिनीला मसारी. जांभ्याला कन्नडमध्ये जंबिट्टिगे म्हणतात, आणि इट्टिगे म्हणजे वीट. बुकानन याने 1807 मध्ये याच दगडाला लॅटेराइट नाव दिले तेही वीट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून. मलबारात लोक हा दगड विटेसारखा कापून घरे बांधताना त्याने पाहिले होते. बिदरी कारागीर किल्ल्यातील जुनी माती जिभेवर ठेवून पारखतो आणि तिनेच जस्ताला काळा रंग आणतो. त्याच्याजवळही मातीचे शब्द आहेत. पाणाडी, विहीर खोदणारे वडार, शहाबादचे खाणकामगार यांच्याजवळ दगडाच्या थरांची, भेगांची, ओलीची नावे आहेत, आणि ती एका पिढीत नाहीशी होतील, कारण विहिरींची जागा यंत्राने घेतली आहे.

म्हणून माझी सूचना अशी. या दोन जिल्ह्यांतील महाविद्यालयांनी आपापल्या तालुक्यात जमीन, खडक आणि पाणी यांचे शब्द गोळा करावेत. प्रत्येक शब्दापुढे मराठी, कन्नड, दखनी आणि शास्त्रीय संज्ञा असे चार रकाने असावेत. शब्द कोणत्या गावी, कोणत्या व्यवसायातील माणसाकडून मिळाला याची नोंद असावी. आणि ‘भुवन’वरच्या नकाशात ती जागा दाखवावी. भूगोलाच्या विद्यार्थ्याला यातून प्रत्यक्ष पडताळणीची सवय लागेल, भाषेच्या विद्यार्थ्याला कोश कसा होतो ते कळेल. अकादमीने असा संग्रह छापला, तर उद्या जमीन हादरेल किंवा विहीर आटेल तेव्हा गुरुजींच्या हाती एक पुस्तक असेल. येत्या उन्हाळ्यात, जमीन उघडी असताना, हे काम सुरू करता येईल. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद आणि चिंचोळी येथील शिक्षकांनी व्याख्यानानंतर थांबावे, म्हणजे तालुके वाटून घेता येतील.